डिस्क कुणी खाल्ली?

अमळनेरला घरातल्या जुन्या डेस्कटॉपवर मी अहिराणी बोलणाऱ्या मंडळींसाठी मास्टोडॉनचा सर्व्हर चालवतो. मास्टोडॉन म्हणजे ट्विटरसारखंच, पण ज्याचा त्याचा सर्व्हर वेगळा आणि सगळे एकमेकांना जोडलेले. माणसं मोजून अकरा. मे महिन्यात एका दुपारी कुणाचेच फोटो चढेनात. आधी उन्हालाच दोष दिला. बाहेर ४४ अंश, लाईट गेलेली, इन्व्हर्टर कण्हत होता. मग डिस्क किती भरलीय ते सांगणारी डीएफ कमांड चालवून पाहिली, तर डिस्क शंभर टक्के भरलेली!

अकरा जणांनी एवढं टाकलं काय? फार तर वांग्याच्या भरताचे फोटो. कुठल्या फोल्डरने किती जागा घेतलीय ते दाखवणारी डीयू कमांड लावल्यावर कळलं, आमचं सगळं मिळून २ जीबीसुद्धा नव्हतं. बाकी सगळं ‘कॅशे’ फोल्डर. परक्या सर्व्हरवरच्या कुणाला फॉलो केलं की त्याच्या पोस्टमधल्या चित्रांची प्रत मास्टोडॉन आपल्याकडे उतरवून ठेवतं. आणि आमच्या भाच्याने जगभरचे मांजरवाले फॉलो केलेले.

‘टूटसीटीएल मीडिया रिमूव्ह’ ही कमांड दिली. ती ७ दिवसांहून जुन्या परक्या प्रती काढते. आपल्या माणसांचे फोटो शाबूत राहतात. तासाभरात निम्मी डिस्क मोकळी. आता तीच क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कमांड आपोआप चालवणाऱ्या सोयीत, रोज पहाटे ३ वाजता लावलीय. त्या वेळी लाईट असते, बहुतेक.