कॅमेऱ्याला मेगापिक्सेल नक्की किती लागतात?

कॅमेरा घ्यायच्या आधी एवढंच ठरवा की फोटो शेवटी बघणार कुठे. एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख पिक्सेल, म्हणजे फोटोतले बारीक ठिपके. फुल एचडी स्क्रीन म्हणजे जेमतेम २ मेगापिक्सेल, फोरके टीव्ही धरला तरी साधारण ८. प्रिंटचं गणित पण सोपंय, कागदाची लांबी आणि रुंदी इंचात घ्या, दोन्हीला ३०० ने (दर इंचाला ३०० पिक्सेल) गुणा आणि आलेले आकडे एकमेकांशी गुणा, म्हणजे ६ बाय ४ च्या फोटोला १८०० गुणिले १२००, झाले २ मेगापिक्सेलच्या थोडे वर, ए४ ला जवळपास पावणेनऊ. मोठं पोस्टर लांबून बघतात त्यामुळे तिथे १५० ने गुणलं तरी चालतं.

मग जास्तीचे कशाला? क्रॉप करायला. पक्ष्यांचे फोटो काढत असाल तर हे फार महत्त्वाचं, कारण २४ मेगापिक्सेलच्या फोटोची रुंदी आणि उंची अर्धी कापली की हातात फक्त ६ उरतात. बाकीच्यांना माझ्या मते १२ ते २४ भरपूर झाले, वाचलेले पैसे चांगल्या लेन्सवर घाला. आणि कमी उजेडात शूट करणार असाल तर आधी सेन्सरची, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेड टिपणाऱ्या चिपची, साइज बघा, छोट्या सेन्सरवर ढीगभर पिक्सेल कोंबले की प्रत्येकाला उजेड कमी मिळतो आणि झूम केलं की सावलीच्या भागात दाणे दिसायला लागतात.