रेस खाली येत नसेल तर आधी काय बघायचं

मोहोळ, अक्कलकोट, मंगळवेढ्याकडून सोलापुरात येणाऱ्या जुन्या गाड्यांत स्प्लेंडर अजून भरपूर आहेत. गिऱ्हाईक स्टँड लावता लावताच सांगतं, "रेस धरायलीय हो, सिग्नलला नुसती बोंबलतीय." म्हणजे ॲक्सिलेटर सोडला तरी इंजिनाचा वेग खाली येत नाही. गॅरेजात नवा आलेला पोरगा लगेच स्क्रूड्रायव्हर उचलतो आणि कार्बोरेटरवरचा स्लोचा स्क्रू, म्हणजे गाडी उभी असतानाची रेस ठरवणारा स्क्रू, फिरवतो. रेस कमी होते, गिऱ्हाईक जातं, आणि सकाळी गाडी थंड असताना बंद पडते म्हणून परत येतं. नव्या पोरांना माझं कळकळीचं सांगणं हे की त्या स्क्रूला हात सगळ्यात शेवटी लावा.

इंजिनाची रेस हवेवर चालते. ॲक्सिलेटर सोडल्यावरही रेस वर राहते याचा अर्थ जादा हवा कुठूनतरी आत जातेय. एकतर कार्बोरेटरमधली (हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या भागातली) स्लाइड, म्हणजे हवेची वाट उघडबंद करणारा दट्ट्या, पूर्ण खाली बसत नाही, नाहीतर कार्बोरेटरच्या पुढे, इंजिनाच्या बाजूला, कुठेतरी फट आहे. यातलं नक्की काय झालंय ते शोधायचं, आणि निम्मा शोध तर काही न खोलताच लागतो.

गाडी बंद ठेवा. ॲक्सिलेटर पिळून झटकन सोडा आणि कान कार्बोरेटरकडे द्या. स्लाइड खाली आपटल्याचा 'टक्' असा स्वच्छ आवाज आला पाहिजे. आला नाही तर केबल ताणलेली आहे किंवा धुळीने जाम आहे. मुठीला दोन ते सहा मिलिमीटर ढील हवी. मग गाडी चालू करून हँडल डावीकडे-उजवीकडे पूर्ण वळवा. वळवताना रेस चढली तर केबल चुकीच्या बाजूने गेलीय किंवा आखूड पडतेय, कार्बोरेटर खोलायची गरजच नाही. चोक अर्धवट अडकलाय का तेही याच वेळी बघून घ्या.

केबल ठीक असेल तर फट शोधा. रेस मारून सोडल्यावर ती वरच लटकून सावकाश खाली येत असेल, आणि गाडी तापल्यावर त्रास वाढत असेल, तर माझा संशय थेट इनटेक पाइपवर, म्हणजे कार्बोरेटर आणि इंजिन जोडणाऱ्या पाइपवर जातो. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, त्यात इंजिनाची धग. सांध्यातलं पॅकिंग आणि ओ-रिंग (रबराची गोल कडी) कडक होऊन चिरतात. काही जण सांध्यावर पेट्रोल शिंपडून बघतात. तापल्या इंजिनावर ते कधीही करू नका, भडका उडतो. त्याऐवजी बोटावर ग्रीस घ्या आणि चालू गाडीच्या सांध्याभोवती थोडं थोडं लिंपत जा, सायलेन्सरच्या पाइपला हात लागू न देता. ज्या जागी ग्रीस लागताच रेस उतरते, तिथेच फट असते.

नुसती ओ-रिंग बदलून थांबू नका. नट वाजवीपेक्षा जास्त आवळून कार्बोरेटरचा फ्लँज (पाइपला जोडायची सपाट कड) वाकलेला मी कितीदा तरी पाहिलाय. फ्लँजवर स्टीलची पट्टी उभी धरून उजेडाकडे बघा. मधून उजेड दिसला तर काचेच्या तुकड्यावर बारीक पॉलिश पेपर ठेवून फ्लँज सपाट घासायचा. घाई न करता केलं तर ते फार सुंदर काम होतं.

कार्बोरेटर खोललाच तर स्लो जेट (कमी रेसला पेट्रोल सोडणारा बारीक भोकाचा भाग) साफ करा. तो चोंदला की मिश्रण पातळ होतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं, आणि रेस वरखाली होते. एअर स्क्रू (कमी रेसला हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा) काढण्याआधी तो आत फिरवून किती आट्यांवर बसतो ते मोजून लिहून ठेवा. स्लाइड परत बसवताना तिचा कापलेला भाग एअर फिल्टरकडे हवा आणि खाच बॉडीतल्या खुंटीवर बसायला हवी. उलटी घातली तर स्लाइड वरच राहते आणि किक मारताक्षणी इंजिन किंचाळतं. फिल्टर काढून गाडी चालवणाऱ्याला तर स्पष्ट सांगाच. आपल्याकडच्या धुळीने स्लाइड आणि बॉडी दोन्ही झिजतात, आणि झिजलेली बॉडी सेटिंगला दाद देत नाही. तिथे कार्बोरेटरच बदलावा लागतो.

आता स्लोचा स्क्रू. इंजिन थंड असताना सेटिंग नको, गाडी दहा मिनिटं फिरवून आणा. स्प्लेंडरला साधारण १४०० आरपीएम (मिनिटाला इंजिनाचे फेरे) लागतात, पण मीटर नसल्यामुळे कानावरच भिस्त. ठोके सुटे आणि सारखे ऐकू आले पाहिजेत. एअर स्क्रूने सगळ्यात चढती रेस शोधा, मग स्लोने खाली आणा. शेवटी हेडलाइट लावून पुन्हा एकदा हँडल दोन्हीकडे वळवून बघा आणि मगच गाडी गिऱ्हाइकाच्या हातात द्या.