साठ हजारांचं कार्ड घ्यावं का? आधी वही काढा

जुलै महिन्यात माझ्याकडे आयकराचं रिटर्न भरायला येणाऱ्यांपैकी दोघंतिघं तरी जाता जाता खुर्चीतून अर्धवट उठून मोबाइल पुढे करतात. "हे कार्डाचं निमंत्रण आलंय. लिमिटच नसतं म्हणे. घेऊ का?" मी स्वतः अशी, म्हणजे वर्षाला साठेक हजार शुल्काची चार्ज कार्डं घेतली आहेत, वापरली आहेत, दोन बंदही केली आहेत. यूट्यूबवर या विषयाचे जे व्हिडिओ आहेत त्यातले निम्मे कार्ड विकायला बनवलेले असतात. उरलेल्यांत माणूस विमानतळाच्या लाउंजमध्ये बसून सँडविच दाखवतो. म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून ठेवतो.

पॅन, आधार, पगाराच्या पावत्या, तीन वर्षांची रिटर्न्स ही कागदपत्रं हाताशी आहेत असं धरून चालतो. ती नसतील तर या भानगडीत पडायची वेळ अजून आलेली नाही.

१. कार्ड कुठल्या जातीचं आहे ते ओळखा

चार्ज कार्डाचं बिल दर महिन्याला पूर्ण भरावं लागतं. 'किमान रक्कम भरा, बाकी पुढे ढकला' ही क्रेडिट कार्डाची सवय इथे चालत नाही. जुनी कार्डं अशीच होती. १९५० साली न्यूयॉर्कमध्ये डायनर्स क्लब सुरू झालं ते याच तत्त्वावर आणि १९५८ मध्ये अमेरिकन एक्स्प्रेसनं कार्ड काढलं तेही याच पद्धतीचं. आज भारतात चार्ज कार्ड म्हटलं की मुख्यतः अमेरिकन एक्स्प्रेसचं प्लॅटिनम डोळ्यांसमोर येतं. वार्षिक शुल्क साठ हजारांच्या वर आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. त्याच्याही वर काळं सेंच्युरियन. ते १९९९ मध्ये आलं आणि आजही फक्त निमंत्रणावर मिळतं. अमेरिकेत त्याचं प्रवेशशुल्क १०,००० डॉलर आणि वर्षाचं शुल्क ५,००० डॉलर आहे. हा आकडा वाचून ज्याला घाम फुटला, त्याला ते निमंत्रण येणार नाही, तेव्हा काळजी नसावी.

एचडीएफसीचं इन्फिनिया, आयसीआयसीआयचं एमराल्ड प्रायव्हेट वगैरे कार्डंही लोक याच रांगेत बसवतात. ती क्रेडिट कार्डं आहेत, पण तुलनेसाठी ती लागणारच.

२. तुम्ही पात्र आहात का

कंपन्या उत्पन्नाची रेषा नेमकी कुठे आखतात ते छापत नाहीत, आणि छापली तरी तेवढ्यावर कार्ड मिळत नाही. तपासलं जातं ते असं: रिटर्नमधलं उत्पन्न, क्रेडिट स्कोअर, आधीच्या कार्डांवरची परतफेड, आणि त्याच बँकेशी किंवा कंपनीशी तुमचा जुना व्यवहार. पत्त्याचा पिनकोड त्यांच्या सेवेत बसत नसेल तर अर्ज तिथेच थांबतो. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या एका बागायतदाराचा अर्ज याच कारणानं परत आला होता. त्याचा खर्च पुण्यातल्या बऱ्याच नोकरदारांपेक्षा जास्त होता.

स्कोअर ३०० ते ९०० मध्ये मोजतात. भारतातल्या चारही पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. तो अर्जाच्या आधी काढा. बंद केलेलं कर्ज अजून चालू दिसतंय, दुसऱ्या कुणाचं कार्ड तुमच्या नावावर चढलंय, असं नेहमी सापडतं.

व्यावसायिकांचं दुखणं वेगळं. वर्षभर माझ्यामागे लकडा असतो, "उत्पन्न कमी दाखवा," आणि मग कार्ड नाकारलं की तोच माणूस विचारतो, "माझी एवढी उलाढाल आहे, मग?" कार्डवाल्याला उलाढाल दिसत नाही, रिटर्न दिसतं. आयकराच्या ४४एडीए कलमाखाली (खर्चाचा हिशेब न मांडता जमेचा ठरावीक भाग नफा म्हणून दाखवायची सोय) ६० लाखांची जमा असलेला डॉक्टर निम्मी रक्कम नफा म्हणून दाखवत असेल, तर त्यांच्या लेखी तो ३० लाखांचा माणूस आहे. यात गैर काही नाही, फक्त कुठला आकडा पुढे जातोय ते माहीत असावं.

नकार आला म्हणजे दोष तुमचाच असतो असंही नाही. डेटा भारतात साठवण्याच्या नियमावरून रिझर्व्ह बँकेनं १ मे २०२१ पासून अमेरिकन एक्स्प्रेसला नवे ग्राहक घ्यायला मनाई केली होती, ती ऑगस्ट २०२२ मध्ये उठली. त्या काळात कितीही श्रीमंत माणूस आला तरी नवं कार्ड नव्हतंच.

'निमंत्रण मिळवून देतो, पाच हजार द्या' असं सांगणारा टेलिग्रामवर भेटला तर ब्लॉक करा.

३. अर्ज

फॉर्म भरा, केवायसी करा, कार्ड घरी येतं. यावर लिहिण्यासारखं काही नाही.

४. वसूल होतंय का ते मोजा

इथे मी स्वतः तीन वर्षं फसलो, म्हणून इथे जरा थांबतो.

पहिल्या वर्षी मला मिळालेल्या पुस्तिकेत फायद्यांची किंमत शुल्काच्या दुपटीहून जास्त छापलेली होती. मी ती बेरीज बायकोला दाखवली आणि म्हटलं, "हे बघ, आपण फायद्यात आहोत." ती एकच म्हणाली, "मग बँकेत पैसे का वाढले नाहीत?" मला तेव्हा राग आला. दुसऱ्या वर्षी हॉटेलचं दहा हजारांचं व्हाउचर संपायला आलं म्हणून आम्ही गोव्याला गेलो. जायचं मनात नव्हतं, मुलाची परीक्षा तोंडावर होती. व्हाउचर वजा जाता बिल झालं २८ हजार. नेहमीच्या घरगुती लॉजमध्ये तेवढेच दिवस आम्ही बारा हजारांत राहतो. म्हणजे दहा हजार वाचवायला मी सोळा हजार जास्त घातले, आणि वहीत मात्र 'दहा हजार फायदा' असं लिहून मोकळा झालो.

तेव्हापासून माझी पद्धत अशी. साधी वही घ्या आणि तीन रकाने पाडा. पहिल्यात कंपनीनं सांगितलेली किंमत लिहा. दुसऱ्यात, गेल्या बारा महिन्यांत कार्ड नसताना त्याच गोष्टीवर तुम्ही स्वतःच्या खिशातून किती खर्च केला, ते बँकेचं स्टेटमेंट उघडून लिहा. आठवणीवर विसंबू नका, आपण प्रवास आठवणीत फार करतो. तिसऱ्या रकान्यात या दोन्हींतला लहान आकडा. बेरीज फक्त तिसऱ्या रकान्याची करायची.

लाउंजपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त फसवणूक तिथेच होते. पुस्तिकेत एका भेटीचे हजार-दीड हजार धरलेले असतात. कार्ड नसतं तर तुम्ही विमानतळावर काय केलं असतं? चारशे रुपयांची इडली-कॉफी घेतली असती, किंवा घरून आणलेली पोळीभाजी खाल्ली असती. तर चारशे, किंवा शून्य. लाउंज देणारं दुसरं कार्ड पाकिटात आधीच असेल तर चर्चाच नको, शून्य. मुंबईच्या टर्मिनल २ला आणि दिल्लीच्या टर्मिनल ३ला अमेरिकन एक्स्प्रेसचे स्वतःचे लाउंज आहेत आणि ते चांगले आहेत. पण जो पुण्याच्या लोहगावहून उडतो त्याला त्याचं काय?

हॉटेलसाखळ्या नेहमीच्या गिऱ्हाइकांना देतात त्या 'गोल्ड' दर्जाचं असंच. प्लॅटिनमवर मॅरियट आणि हिल्टन दोन्हींचं गोल्ड मिळतं. शब्द एकच, अर्थ वेगळे. हिल्टनचं गोल्ड भारतात सकाळचा नाश्ता देतं. मॅरियटचं गोल्ड उशिरा खोली सोडण्याची सोय, जमलं तर थोडी बरी खोली आणि जादा पॉइंट देतं, नाश्त्याची हमी देत नाही. आणि भारतात मॅरियटची हॉटेलं हिल्टनपेक्षा कितीतरी जास्त. म्हणजे नाश्ता जिथे मिळतो ती हॉटेलं कमी, आणि हॉटेलं जिथे भरपूर आहेत तिथे नाश्ता नाही. तुम्ही कामानिमित्त पुण्याच्या कॉनरॅडमध्ये (हे हिल्टनचंच) वर्षाला दहा रात्री स्वतःच्या पैशानं राहत असाल तर ही रक्कम खरी आहे, मोजा. बिल ऑफिस भरत असेल तर नाश्ताही ऑफिसच भरतं, मग मोजू नका.

कॉन्सिअर्ज सेवा, म्हणजे फोन करून टेबल राखून ठेवायला सांगणं, हिची किंमत मी सरळ शून्य धरतो. कुणाला हे पटत नाही. त्यांनी गेल्या वर्षात किती वेळा फोन केला ते मोजावं.

आता पॉइंट. लोक शुल्काची तुलना शून्याशी करतात. तुलना करायची ती ज्या कार्डावर हा खर्च नाहीतरी झाला असता त्या कार्डाशी. वर्षाला १० लाखांचा खर्च धरू. अमेरिकन एक्स्प्रेस प्लॅटिनमवर ४० रुपयांना एक पॉइंट, म्हणजे २५,००० पॉइंट. एका पॉइंटला मी ५० पैसे धरतो, तेव्हा १२,५०० रुपये. तोच खर्च इन्फिनियावर केला तर १५० रुपयांना ५ पॉइंट, म्हणजे सुमारे ३३,३०० पॉइंट, आणि बँकेच्या संकेतस्थळावरून विमान-हॉटेल घेतलं तर पॉइंटला एक रुपया. फरक वीस हजारांच्या वर. हा फरक वहीत शुल्काच्या बाजूला मांडा, कारण तो तुम्ही सोडून दिलेला पैसा आहे. दोन्हीकडे इंधन, विमा, वीजबिल, घरभाडं अशा खर्चावर पॉइंट मिळत नाहीत, तुटपुंजे मिळतात किंवा ठरावीक मर्यादेपर्यंतच मिळतात, तेव्हा हे १० लाख त्या खर्चाशिवायचे हवेत. नियम दर काही महिन्यांनी बदलतात. ताज्या अटी वाचूनच आकडे भरा.

परदेशातला खर्च वेगळा लिहा. अमेरिकन एक्स्प्रेस परकीय चलनावर ३.५ टक्के आणि त्यावर जीएसटी लावतं. एक लाखाच्या खर्चावर ४,१३० रुपये. इन्फिनियावर २ टक्के, म्हणजे जीएसटी धरून २,३६०.

एवढं झालं की एका बाजूला ७०,८०० आणि वरचा पॉइंटांचा फरक येतो. ७०,८०० म्हणजे ६०,०००चं शुल्क आणि १०,८०० जीएसटी, तुमचं शुल्क जास्त असेल तर तो आकडा घ्या. दुसऱ्या बाजूला तिसऱ्या रकान्याची बेरीज. माझ्याकडे आलेल्यांपैकी ज्यांची बेरीज खरोखर वर गेली ते सगळे एकाच साच्यातले होते: वर्षाला पंचवीस-तीस रात्री मोठ्या हॉटेलांत स्वतःच्या धंद्याच्या पैशानं राहणारे, सतत विमानानं फिरणारे, आणि व्हाउचर एरवीही तिथेच उडवणारे. बाकीच्यांची बेरीज पंधरा ते तीस हजारांत अडकते. माझी आली होती १८ हजार. ती बघूनही मी आणखी एक वर्ष कार्ड ठेवलं, कारण ते टेबलावर टाकलं की टणकन वाजायचं. त्या आवाजाचे मी पन्नास हजार मोजले.

प्रतिष्ठेसाठी घेणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. लोक मनगटावर लाखाचं घड्याळ बांधतात, त्यात वेळ मोबाइलइतकीच दिसते. फक्त वहीत ती रक्कम 'हौस' म्हणून लिहा, 'बचत' म्हणून नको.

५. 'लिमिट नाही' याचा अर्थ समजून घ्या

आधी ठरवलेली मर्यादा नाही, एवढाच त्याचा अर्थ. प्रत्येक मोठ्या व्यवहाराला कंपनी तुमचा आजवरचा खर्च आणि भरणा बघून हो किंवा नाही म्हणते. भाचीच्या लग्नात मी सराफाकडे सहा लाखांच्या खरेदीला कार्ड मोठ्या ऐटीत फिरवलं आणि ते नाकारलं गेलं. त्याआधी चार महिने माझा खर्च महिन्याला तीस-चाळीस हजारांच्या पुढे गेला नव्हता. मेहुणे शेजारी उभे होते. शेवटी त्यांनीच चेक दिला आणि तो विषय आजही दिवाळीला निघतो. मोठी खरेदी असेल तर आदल्या दिवशी ॲपवरून किंवा फोनवर ती रक्कम चालेल का ते विचारून घ्या.

शिवाय खिशात दुसरं, व्हिसा किंवा रुपेचं कार्ड ठेवाच. सांगली-जळगावच्या कापडदुकानात, बऱ्याच दवाखान्यांच्या काउंटरवर अमेरिकन एक्स्प्रेस घेत नाहीत.

६. बिल आणि आयकर

ऑटो-डेबिट लावा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार मुदतीनंतर तीन दिवसांहून जास्त उशीर झाला तरच दंड लागतो, पण त्या तीन दिवसांवर संसार मांडू नका.

वर्षात कार्डाची बिलं रोख सोडून १० लाख किंवा जास्त भरलीत, किंवा रोखीनं १ लाख, तर ती माहिती आयकर खात्याकडे जाते. मित्रांची खरेदी आपल्या कार्डावर करून पॉइंट गोळा करणारे इथे अडकतात. रिटर्नमध्ये ९ लाख आणि कार्डावर १४ लाख असेल तर पत्र येतं, आणि ते घेऊन माझ्याकडेच येतात.

७. दुसऱ्या वर्षीचा निर्णय

नूतनीकरणाच्या महिनाभर आधी वही पुन्हा काढा. ग्राहकसेवेला फोन करून 'बंद करायचा विचार आहे' असं सांगितलं की कधी कधी काही पॉइंट किंवा व्हाउचर देऊ करतात. तेही तिसऱ्या रकान्याच्याच नियमानं मोजा. बंद करायचं ठरलं तर आधी पॉइंट संपवा, मग लेखी विनंती करा. बाकी थकलेलं नसेल तर सात कामाच्या दिवसांत कार्ड बंद करणं बंधनकारक आहे, नाहीतर बंद होईपर्यंत दिवसाला ५०० रुपये दंड तुम्हाला मिळतो.

आणि धातूचं कार्ड घरच्या कात्रीनं कापायला जाऊ नका. मी गेलो होतो. कात्री गेली. शेवटी कोपऱ्यावरच्या पत्रेवाल्याकडून कापून घेतलं, वीस रुपये घेतले त्यानं.