रेसिंगसाठी जुनी यॉट घ्यायचीय? खिलार बघता तशी बघा

आपल्याकडं सांगलीत होड्यांच्या शर्यती म्हणजे कृष्णेतल्या वल्ह्यांच्या होड्या, जो पुढं गेला तो पहिला, विषय संपला. शिडाच्या यॉटच्या क्लब रेसमध्ये तसं नसतं, आणि हे डोक्यात शिरायला आम्हा तिघा मित्रांचा एक अख्खा सीझन गेला. आम्ही वर्गणी काढून मुंबईत एक जुनी यॉट घेतलीय, शुक्रवारी रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं जायचं आणि सोमवारी पहाटे परत सांगली. त्यात जे शिकलो, आणि जे खिशाला चाट बसल्यावर शिकलो, ते क्रमानं सांगतो.

सगळ्यात आधी हँडिकॅप समजून घ्या, बोट नंतर. क्लबमध्ये लहानमोठ्या, नव्याजुन्या सगळ्या बोटी एकत्र पळतात, म्हणून प्रत्येकीला एक नंबर देतात आणि वेळ त्यानुसार दुरुस्त करतात. पीएचआरएफ पद्धतीत हा नंबर म्हणजे एका सागरी मैलाला किती सेकंद. समजा तुमचा १८० आणि शेजाऱ्याचा १५०, कोर्स ६ मैलांचा, तर तो तुम्हाला ३० गुणिले ६ म्हणजे १८० सेकंद देणं लागतो. तो दोन मिनिटं आधी पोचला तरी जिंकलात तुम्ही! आयआरसी या दुसऱ्या पद्धतीत वेळेला एका आकड्यानं गुणतात, २ तास लागले आणि आकडा ०.९५० असला की ११४ मिनिटं धरतात, पण तो आकडा काढायचा फॉर्म्युला गुप्त ठेवलेला असतो. तुमच्या क्लबात कुठली पद्धत आहे ते विचारा, कारण वेगवान बोट घेऊन काही उपयोग नाही, आपल्या नंबराइतकी पळणारी बोट पाहिजे.

मग वारा. मुंबईत सकाळी वारा मरगळलेला, दुपारनंतर समुद्राकडून जोर धरतो, आणि उधाणाला पाणी चार मीटरच्या वर चढतं-उतरतं त्यामुळं प्रवाह बेक्कार. जड बोट असली की हलक्या वाऱ्यात शिडं लोंबकळतात आणि ओहोटी तुम्हाला मागं मागं नेते, हे बघवत नाही. त्यात जुन्या जड बोटीचा वेग पाण्याला टेकलेल्या लांबीवर अडतो. ती लांबी फुटात घ्या, वर्गमूळ काढा, १.३४ नं गुणा, तेवढे नॉट. २० फुटाला ६, २५ ला ६.७, त्याच्या पुढं कितीही शीड लावा.

मॉडेल निवडताना ज्या भरपूर बनल्यात त्याच बघा. जे/२४ घ्या, १९७७ चं डिझाइन, ५००० च्या वर बनल्यात, म्हणजे शिडं, पार्ट आणि कशी पळवायची याची माहिती, सगळं मिळतं. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या, आयओआर या जुन्या हँडिकॅप नियमाच्या बोटी स्वस्तात दिसतील, मागं निमुळत्या, पुढचं जिनोआ शीड अवाढव्य आणि मेनसेल, म्हणजे डोलकाठीमागचं मुख्य शीड, बारकं. समोरच्या वाऱ्यावर चढायला झकास, पण जोराचा वारा मागून आला की अशा डोलतात की पोटातलं ओठात. माझं मत, क्रू नवखा असेल तर नकोच.

आता बोट पाण्याबाहेर काढून बघा. पाण्यात तरंगणारी बोट बघून सौदा करणं म्हणजे खरसुंडीच्या बाजारात दात न बघता, चालवून न बघता बैल घेणं. जुन्या बोटींच्या डेकमध्ये बऱ्याचदा फायबरच्या दोन थरांत बाल्सा लाकूड असतं, आणि स्क्रूच्या भोकातून पाणी मुरलं की ते कुजतं. पाच रुपयाचं नाणं घ्या आणि वीतभर अंतरावर टकटक करत सगळा डेक फिरा. मिरजेत तंबोऱ्याचा भोपळा वाजवून बघतात ना, तसंच कान देऊन. टणक आवाज आला तर ठीक, भद्द आला तर तिथं खडूनं गोल करा. आमच्या बोटीला ताजा पांढरा रंग मारलेला होता, डोलकाठीच्या तारा जिथं डेकला पकडतात तिथं पाय ठेवला की किंचित दबायचं, आम्ही तिघांनी एकमेकांकडं बघितलं आणि कुणीच बोललो नाही. नंतर उघडलं तर आत ओला काळा भुसा, चहाच्या चमच्यानं निघत होता. अर्धा सीझन त्यातच गेला.

कील, म्हणजे बोटीच्या तळाखालचं जड पातं, बिडाची असेल तर गंजाला घाबरू नका, आमच्यातला एकजण फाउंड्रीत आहे, तो म्हणाला बीड आहे, गंजणारच, ब्लास्ट करून इपॉक्सी मारू. पण कील आणि बोटीच्या सांध्यात पुढच्या बाजूला चीर दिसली, किंवा कीलच्या मागं आतल्या तळाला तडे असले, तर बोट कधीतरी खडकावर आपटलीय समजायचं आणि माणूस लावून तपासायचं. सुकाणू बाहेर काढून दोन दिवसांनीही खालून ठिबकत असलं तर आत पाणी भरलंय. तारा दहा वर्षांच्या वर गेल्या असतील तर नव्या धरूनच हिशोब करा. इंजिन, गाद्या, शेगडी हे सगळं नंतर, त्यानं रेस जिंकत नाही.

शिडांवर मात्र वेळ घाला. यादीत "१२ शिडं" लिहिलेलं बघून हुरळू नका, प्रत्येक शीड पसरा, कधीचं ते विचारा. डेक्रॉनचं कापड कडक कुरकुरीत पाहिजे, धुऊन धुऊन मऊ झालेल्या धोतरासारखं लागलं तर त्याचं ताडपत्री करा. हँडिकॅप देताना बोटीची शिडं चांगली आहेत असंच धरतात, तुमची फाटकी म्हणून कुणी जास्तीचे सेकंद देत नाही. म्हणून आमचा हिशोब असा, हातात शंभर रुपये असतील तर बोटीला पन्नास, बाकीचे नवा मेनसेल, एक जिनोआ आणि तळ घासून गुळगुळीत करायला. तळाला शेवाळ आणि शिंपले घेऊन पळणाऱ्याला कुठलाच नंबर वाचवत नाही.

विसार द्यायच्या आधी क्लबात हँडिकॅप बघणाऱ्याला त्या बोटीचा नंबर काय लागेल ते विचारा आणि मालकाबरोबर एकदा दुपारच्या वाऱ्यात फिरून या. भाव करताना खडूच्या गोलांचे फोटो मोबाईलवर उघडे ठेवा. बाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव करतात, इथं आमच्या फाउंड्रीवाल्यानं तेवढंच केलं नाही, बाकी सगळं केलं, आणि तरी डेकचा खर्च काय निघाला नाही.