बोगनवेलीच्या नव्या वाणाचं बारसं

गुलाबी बोगनवेलीवर मधूनच एक पांढरी फांदी निघाली की नाव ठेवायची घाई होते. या वेलीचं बारसं मात्र बाराव्या दिवशी होत नाही, त्याला निदान तीन वर्षं लागतात. नाव शोधायला एक संध्याकाळ पुरते. वाण खरोखर नवा आहे आणि तो टिकतो, हे दाखवण्यात बाकीचा वेळ जातो.

बोगनवेलीचे पुष्कळ वाण बियांतून नाही, तर अशा एकट्या फांदीतून आलेले आहेत. एका डोळ्यातल्या पेशींत उत्परिवर्तन (जनुकांत अचानक झालेला बदल) होतं आणि त्या डोळ्यातून फुटलेली फांदी वेगळी निघते. बागवाले याला स्पोर्ट म्हणतात. कोलकात्यात १९४९ साली 'मिसेस एच. सी. बक' या किरमिजी वाणावर 'मेरी पामर' अशीच निघाली आणि ती एकाच झाडावर पांढरा व किरमिजी असे दोन्ही रंग देते. तिचाच चितकबऱ्या पानांचा अवतार म्हणजे 'थिम्मा'.

आधी खोटे स्पोर्ट बाजूला काढा. मुंबईत इमारतीच्या आवारातल्या कुंड्यांत आणि वाफ्यांत विटा-सिमेंटचा राडारोडा हमखास असतो. त्यामुळे मातीचा सामू (पीएच) चढतो, झाडाला लोह घेता येत नाही आणि कोवळी पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हीच पानं 'व्हेरिगेटेड', म्हणजे चितकबरी, म्हणून कौतुकाने दाखवली जातात. लिटरभर पाण्यात १ ग्रॅम चिलेटेड लोह घालून आठवड्याच्या अंतराने दोनदा फवारा. दोन-तीन आठवड्यांत पानं हिरवी झाली तर तो वाण नव्हता, उपासमार होती. रंगाचंही तसंच. पावसाळ्यात आणि सावलीत छदं फिकट, कधी हिरवट येतात, म्हणून जून ते सप्टेंबरमधल्या रंगावर काहीच ठरवू नका. (छदं म्हणजे आपण ज्यांना पाकळ्या म्हणतो ती तीन रंगीत पानं. खरं फूल म्हणजे प्रत्येक छदाला चिकटलेली बारीक नळी.)

फांदी खरी वाटली तर तिच्या बुडाशी ॲल्युमिनियमची पट्टी बांधा, तारीख घाला, मोजपट्टी शेजारी धरून फोटो काढा. मग लगेच माळ्याला आणि सोसायटीच्या सेक्रेटरींना सांगून ठेवा, नाहीतर पुढच्या छाटणीत ती कचऱ्याच्या गाडीतून जाते. वेल तुमची नसेल तर मालकाची लेखी परवानगी आत्ताच घ्या. पुढे हक्कासाठी अर्ज करताना मूळ झाड कायदेशीररीत्या मिळवल्याचं लिहून द्यावं लागतं. रस्त्याच्या दुभाजकावरून रात्री कापून आणलेल्या फांदीबद्दल तसं लिहिता येत नाही.

जूनअखेर ते जुलै हा गुटीचा, म्हणजे फांदी वेलीवरच ठेवून तिला मुळं फोडण्याचा काळ. पेन्सिलीएवढी जाड फांदी निवडा, दोन-अडीच सेंटिमीटर रुंदीची साल गोल काढा आणि आतला बुळबुळीत थर सुरीच्या पाठीने खरवडून टाका. तो राहिला तर साल पुन्हा जुळते आणि मुळं फुटत नाहीत. वरच्या कडेला मुळं फुटायची पावडर लावून ओलं, पण घट्ट पिळलेलं मॉस (शेवाळ) गुंडाळा आणि प्लॅस्टिकने दोन्ही टोकं आवळा. सैल बांधलेल्या गुटीत पावसाचं पाणी शिरून मॉस कुजतं. सहा ते आठ आठवड्यांत मुळं प्लॅस्टिकमधून दिसली की गुटीच्या खाली कापा. या रोपापासून पुढच्या वर्षी किमान १० कलमं करा. त्यांच्या शेजारी मूळ वेलीची आणि सगळ्यात जवळच्या ज्ञात वाणाची कलमं सारख्याच कुंडीत, सारख्याच मातीत, सारख्याच उन्हात ठेवा. दोन हंगाम, म्हणजे दोनदा नोव्हेंबर ते मे, सगळी दहा एकसारखी फुलली तर पुढे जा. एखाद्या कलमावर जुन्या रंगाची फांदी आली तर ती बुडातून काढा आणि नोंद ठेवा. तिचा जोर नव्या फांदीपेक्षा जास्त असतो आणि ती बघता बघता सगळं झाड गिळते. दहातली चार-पाच अशी उलटली तर वाण अस्थिर आहे, नोंदणीचा विचार सोडा.

वर्णन लिहिताना 'सुंदर गुलाबी' चालत नाही. रंग आरएचएस (ब्रिटनची रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी) रंगतक्त्यावरून, गट आणि क्रमांकासकट लिहायचा. सकाळी उशिरा, थेट ऊन नसलेल्या उत्तरेकडच्या खिडकीत छद तक्त्यावर ठेवून पाहा, ट्यूबलाइटखाली किरमिजी रंग फसवतो. कोवळं, पूर्ण उमललेलं आणि जुनं छद यांची वेगळी नोंद करा, कारण बोगनवेलीचा रंग वयाबरोबर बदलतो. वीस छदांची लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये, नळीची लांबी आणि लव, पानाचा आकार, काटा सरळ की वाकडा, वेलीची ठेवण हेही लिहा. एक फांदी दाबून, वर्तमानपत्रं रोज बदलत वाळवा. मुंबईच्या हवेत एक दिवस चुकला तर बुरशी येते. रंग तरी उडणारच, म्हणून तक्त्याचा क्रमांक महत्त्वाचा. असा नमुना वनस्पतिसंग्रहात ठेवता आला तर उत्तम. झेवियर्स कॉलेजातल्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये विचारून पाहा.

आता नाव. लागवडीतल्या वनस्पतींच्या नावांची आंतरराष्ट्रीय संहिता १९५३ पासून आहे. १९५९ पासून नवं नाव लॅटिनमध्ये देता येत नाही. मराठी नाव खुशाल द्या, पण रोमन लिपीतलं त्याचं स्पेलिंग एकदाच ठरवा. 'सांज' एका 'ए'ने आणि दोन 'ए'ने लिहिल्याने दोन नावं होत नाहीत, गोंधळ मात्र होतो. रोमन लिपीत मोकळ्या जागा सोडून ३० अक्षरांच्या आत राहा. 'मोठी लाल' यासारखं नुसतं वर्णन, किंवा 'हायब्रिड', 'व्हरायटी', 'इम्प्रूव्ह्ड' असे शब्द चालत नाहीत. त्याच प्रजातीत आधी वापरलेलं नाव पुन्हा घेता येत नाही, म्हणून 'लालबाग' सुचलंच तर आधी यादी पाहा. हयात व्यक्तीचं नाव द्यायचं तर तिची लेखी संमती घ्या.

बऱ्याच वनस्पतिगटांची नावं नोंदवणारी एकेक आंतरराष्ट्रीय संस्था असते. गुलाबाची अमेरिकेत, बोगनवेलीची मात्र आपल्याकडे: नवी दिल्लीची भारतीय कृषी संशोधन संस्था. त्यांच्याकडे वर्णन, फोटो, उगम आणि नाव पाठवायचं. नाव तारीख असलेल्या छापील प्रकाशनात, वर्णनासकट यावं लागतं. व्हॉट्सॲपवर किंवा फक्त वेबसाइटवर टाकलेलं धरत नाहीत.

या नोंदणीने नाव पक्कं होतं, मालकी मिळत नाही. मालकी हवी तर २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याखाली वेगळा अर्ज. तुमची वनस्पती केंद्राने अधिसूचित केलेल्या यादीत आहे का, ते आधी बघा. वाण नवा, वेगळा, एकसारखा आणि स्थिर असावा लागतो. भारतात विक्री सुरू होऊन एक वर्ष उलटलं तर नवेपणा गेला, म्हणून ओळखीच्या नर्सरीला 'दहा रोपं देऊन बघू' करताना तारीख लिहून ठेवा. इथे नावाचे नियम आणखी कडक आहेत. नुसते आकडे सहसा चालत नाहीत, गावाचं नाव असेल तर वाणांची नोंदणी करणाऱ्या निबंधकाला पटवावं लागतं, म्हणजे 'गिरगाव' किंवा 'मुंबईची राणी' सहजासहजी मिळणार नाही. छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव तर १९५० च्या बोधचिन्हे आणि नावे कायद्याच्या अनुसूचीतच आहे, त्यामुळे भक्तीने दिलं तरी फेटाळलं जाईल. दोन्ही अर्जांत नाव अक्षरशः एकच ठेवा.

नाव मंजूर झाल्यावर लेबलवर आधी बोगनव्हिलिया, मग एकेरी अवतरणात वाणाचं नाव. ठरवलेल्या दहा कलमांपैकी दोन दुसऱ्या उपनगरातल्या कोणाच्या तरी गच्चीवर ठेवा. वॉटरप्रूफिंगचं काम निघालं की गच्चीवरच्या सगळ्या कुंड्या एकाच दिवशी खाली जातात.