शिबिर समितीत नवे आहात? ठिकाण शोधण्याआधी मंडळीला विचारा

चर्चच्या मंडळीच्या शिबिर समितीत नाव आलं की बहुतेकांचा पहिला फोन ठिकाणासाठी जातो. मे महिन्यात पाचगणीला जागा आहे का, खंडाळ्याचा बंगला कोणाच्या ओळखीनं मिळेल का, गेल्या वर्षी शेजारची मंडळी माथेरानला गेली ती काय दरानं. मग वक्ते, मग बॅनर, मग टी-शर्टचा रंग. एवढं झालं की नियोजन झालं म्हणायचं. आमच्या मंडळीच्या शिबिर समितीचं सेक्रेटरीपद मी बरीच वर्षं सांभाळतेय आणि नव्यांना माझं पहिलं सांगणं हेच असतं: शिबिर कोणासाठी, त्यांच्यातले कोण येत नाहीत आणि का, हे कळेपर्यंत कुठलंही बुकिंग करू नका.

यावर लगेच उत्तर येतं, "विचारतो की आम्ही, शेवटच्या दिवशी फॉर्म देतो!" त्या फॉर्मपासूनच सुरुवात करू.

शेवटच्या दिवशी सगळे जागरणानं पेंगत असतात. आदल्या रात्री कॅम्प फायर, साक्षी (देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते सांगणं), रडारड सगळं झालेलं असतं. बस दारात उभी आणि पाळकसाहेब समोर. अशा वेळी "शिबिर कसं वाटलं?" विचारलं तर "खूप छान, प्रभूचे आभार" याखेरीज कोण काय लिहिणार? ज्या मावशींनी तीन दिवस चुलीपुढे घाम गाळला त्यांच्या देखत भाजीला नावं ठेवणं आपल्याकडे कोणाच्या जिवावर येणार नाही? लोक खोटं लिहीत नाहीत, पण त्या लिहिण्यावरून पुढच्या वर्षाचं काही ठरवता येत नाही. म्हणून त्या दिवशी फक्त पटकन विसरल्या जाणाऱ्या गोष्टी विचाराव्यात. पाणी पुरलं का, झोप झाली का, कुठलं सत्र लांबलं, कोणाचं पोट बिघडलं.

खरी विचारपूस महिना-दीड महिन्यानं करा. तोवर शाळा-कॉलेज सुरू झालेलं असतं आणि शिबिराचा भर ओसरलेला असतो. तेव्हाही "कसं वाटलं" नकोच. काय घडलं ते विचारायचं. कुठला संदेश आठवतोय? घरी आल्यावर त्याबद्दल कोणाशी बोललीस? तिथं ओळख झालेल्या कोणाला नंतर फोन केलास? शांत वेळ (रोजची एकट्यानं केलेली प्रार्थना आणि वाचन) सुरू केली होती, ती कधी सुटली? या प्रश्नांना "छान" हे उत्तर बसतच नाही. चाळीस मिनिटांच्या संदेशातलं एक वाक्यही आठवत नाही, पण वाढप करताना एका ताईंनी सहज सांगितलेली स्वतःची गोष्ट लख्ख आठवते, असं मुलं सांगतात. हे ऐकल्यावर पुढच्या वेळी वक्त्यांची संख्या वाढवायची की ताईंची, हे वेगळं सांगायला लागत नाही.

यापेक्षा कंटाळवाणं आणि यापेक्षा मोलाचं काम म्हणजे जे आलेच नाहीत त्यांना विचारणं. आलेल्यांचा अभिप्राय घेऊन आपण शिबिर आलेल्यांसाठीच आणखी गोड करत जातो, आणि दरवर्षी तीच मुलं, तीच घरं. न आलेल्यांबद्दल समितीत एक ठरलेलं वाक्य असतं, "आत्मिक भूकच राहिली नाही." मंडळीची यादी घेऊन चार घरी जाऊन बसा, मग बघा काय निघतं. बारावीच्या मुलांची सीईटी आणि नीट नेमकी एप्रिल-मे मध्ये येते. मराठवाड्याकडच्या मंडळ्यांत दसऱ्यानंतर कुटुंबंच्या कुटुंबं ऊसतोडीला बाहेर पडतात, तिथं दिवाळीच्या सुट्टीतलं शिबिर म्हणजे त्या मुलांना नकोच म्हटल्यासारखं. कोणाकडे फी असते पण चार जणांत नेण्यासारखी बॅग नसते. आणि एका आईनं सांगितलेलं कारण तर आमच्या कोणाच्या स्वप्नातही नव्हतं: "मुलगा इंग्लिश मीडियमचा. त्याला मराठी पवित्र शास्त्र वाचता येत नाही, आणि तुम्ही गोल बसवून एकेकाला वचन वाचायला लावता."

हा बदल फुकटात होतो. ज्याला वाचायचंय त्यानं हात वर करावा, एवढंच.

अभिप्रायाच्या चिठ्ठ्या कशा वाचायच्या, हे एका उदाहरणावरून सांगते. आम्ही मुलामुलींच्या पेट्या वेगळ्या ठेवतो, चिठ्ठीवर नाव नाही. समिती वेस्ट्रीतल्या (चर्चला लागून असलेल्या पाळकांच्या खोलीतल्या) लांब टेबलावर त्यांचे गठ्ठे लावते: जेवण, राहणं, सत्रं, गाणी, बाकी. एकदा मुलींच्या पेटीतून वहीचं फाडलेलं पान निघालं: "बाथरूमला आतून कडी नाही. मी अंघोळ केलीच नाही. बाकी मस्त." ते पान "राहणं" या गठ्ठ्यात, "उशी कडक होती" च्या खाली गेलं. खजिनदार म्हणाले, शंभर रुपयांची कडी, पुढच्या वेळी बसवून घेऊ. त्यांचं चूक नव्हतं. पण त्याच आठवड्यात न आलेल्या मुलींच्या आया फोनवर मोघम बोलत होत्या, "तिकडची व्यवस्था बरी नसते म्हणे." दोन्ही शेजारी ठेवल्यावर उलगडा झाला. मुलींची संख्या का रोडावते यावर आम्ही संदेशांच्या विषयांत उत्तर शोधत होतो, आणि ते न्हाणीघराच्या दारावर होतं. तेव्हापासून कुठलीही जागा पक्की करण्याआधी दोन बायका जाऊन संडास-बाथरूम, दिवे, कुंपण आणि मुलींच्या खोल्यांची जागा बघून येतात. त्यांनी नाही म्हटलं तर जागा नाही, मग डोंगराचा देखावा कितीही सुंदर असो.

म्हणजे नुसती बेरीज करू नका. "जेवण" चा गठ्ठा नेहमीच सर्वात जाड असतो, कारण जेवणाबद्दल लिहायला सोपं. एकाच घरातून पाच चिठ्ठ्या येतात, तेव्हा ते एक मत धरा. आणि ज्यांचं अर्पण मोठं त्यांचं मत आपोआप मोठं होतं, यावर लक्ष ठेवायला समितीत एखादी फटकळ बाई हवीच. (आमच्याकडे ते काम माझ्याकडे आहे.)

व्हॉट्सअॅप ग्रुपवर मत मागवू नका. पहिल्यानं जे लिहिलं त्याखाली हात जोडलेल्यांची रांग लागते. कॉलेजच्या मुलांना गुगल फॉर्म चालतो. वयस्कांना फोन करा किंवा रविवारी उपासनेनंतर चहाच्या वेळी शेजारी बसा, ते आधी "सलाम, कशी आहेस" पासून सुरू करतील आणि मुद्द्यावर यायला वेळ घेतील, घेऊ द्या. स्वयंपाकी आणि बसचालकालाही विचारा. कुठल्या वेळी मुलं कुठं भटकतात हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत नसतं.

इथं एक गोष्ट मात्र कडक आहे. चिठ्ठीत कोणा मोठ्या माणसानं नको तसा स्पर्श केल्याचं, त्रास दिल्याचं काही निघालं, तर तो अभिप्राय राहत नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अशा गुन्ह्याची माहिती मिळालेल्या कोणीही पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे आणि न कळवणं हा स्वतंत्र गुन्हा. "मंडळीची बदनामी नको, आपापसात बघू" म्हणणारे भेटतील, त्यांचं ऐकायचं नाही. १०९८ हा मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा नंबर प्रत्येक खोलीत लावा. मुलांची नावं, फोन, फोटो गोळा करतानाही सांभाळून. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांच्या संमतीची अट आहे, तेव्हा नोंदणीच्या कागदावरच पालकांची सही घेण्याची सवय लावा.

आता भांडणाचा विषय. अभिप्राय मागितला की परस्परविरोधी मागण्या येणारच, आणि आपल्या मंडळ्यांत त्यांची मुळं फार खोल असतात. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा चर्चसंस्था एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली, पण घराघरातल्या सवयी एकत्र झाल्या नाहीत. ज्यांचे आजी-आजोबा नगरकडे अमेरिकन मराठी मिशनमध्ये वाढले त्यांना शिबिरात भजन हवं, कीर्तन हवं. ख्रिस्ती कीर्तनाची ही वाट कृष्णराव सांगळ्यांनी पाडलेली. एसपीजी या इंग्लंडच्या मिशनरी संस्थेच्या अँग्लिकन वळणातल्या घरांना लेंटमध्ये (ईस्टरआधीच्या उपवासकाळात) शांत बसणं हवं. तरुणांना गिटार आणि ड्रम. मतदान घेतलं तर तरुण जिंकतील, पाळकांवर सोपवलं तर ज्येष्ठ. आम्ही दोन्ही केलं नाही. रेव्हरंड ना. वा. टिळकांचं एक भजन मुलांनी स्वतः पेटी-तबल्यावर बसवायचं आणि ज्येष्ठांपैकी एकानं त्यांना चाल शिकवायची, असं ठरवलं. चाल ऐन वेळी वेगळीच झाली, आजोबा वैतागले, पण सराव करताना जे बोलणं झालं ते कुठल्याही सत्रात होत नाही.

शांततेची मागणी तर वेगळीच दिशा दाखवून गेली. शिबिराला न येणाऱ्या चाळिशी-पन्नाशीतल्या बायका सांगत होत्या, आम्हाला कार्यक्रम नकोच, एक दिवस कोणी हाक मारणार नाही अशी जागा द्या. याची परंपरा आपल्याकडे आहेच. अँग्लिकन मिशनरी जॅक विन्स्लो यांनी १९२२ साली अहमदनगरला ख्रिस्त सेवा संघ सुरू केला, १९२७ मध्ये तो पुण्यात आला. आश्रमाच्या पद्धतीनं राहणं, प्रार्थना, मौन. मग शिबिर आणि रिट्रीट (एकांतात प्रार्थना-मननासाठी काढलेला वेळ) एकाच बसमध्ये कोंबायची गरज काय? तरुणांचं निवासी शिबिर वेगळं, मोठ्यांची एक दिवसाची रिट्रीट गावाजवळच वेगळी. तिचा खर्च बस आणि जेवणापुरता. ज्येष्ठ येणार असतील तर माथेरान विसरा, दस्तुरी नाक्यापुढे खासगी गाडी जात नाही. आणि पावसाळ्यात महाबळेश्वर नको.

हे सगळं तीन वर्षांच्या आराखड्यात बसवायचं, आणि तो आराखडा एका पानावर मावला पाहिजे. पहिलं काम कॅलेंडर. ईस्टर २०२७ मध्ये २८ मार्चला आहे, २०२८ मध्ये १६ एप्रिलला. २०२७ चा लेंट १० फेब्रुवारीला सुरू होऊन थेट दहावी-बारावीच्या परीक्षांत अडकतो, तेव्हा त्या वर्षी रिट्रीट मोठ्यांचीच. मग प्रत्येक वर्षी एकच नवी गोष्ट. पहिल्या वर्षी जागेची पाहणी आणि वाचनातला बदल, दुसऱ्या वर्षी फीची व्यवस्था, तिसऱ्या वर्षी तरुण गटप्रमुखांची तयारी. आणि एक गोष्ट बंद. नव्यांना हेच जड जातं. आम्ही टी-शर्ट बंद केले, त्यावर अजून बोलणी खाते.

फीचं गणित उघड मांडा. समजा ६० जण, माणशी खर्च २,४०० रुपये आणि फी १,५००. म्हणजे ५४,००० रुपये कुठून तरी आणायचे आहेत. "किती परवडेल?" असं विचारलं तर गरीब घर अभिमानानं पूर्ण आकडा सांगतं आणि मग मुलाला पाठवतच नाही. त्यापेक्षा प्रत्येक घराला सारखंच पाकीट द्या, वर खरा खर्च लिहा, आत ज्यानं त्यानं जमेल ते घालावं. नोंदणी वेगळ्या कागदावर. कोणी काय घातलं ते खजिनदारालाही कळत नाही. काही पाकिटांत २,४०० हून जास्त निघतात, आणि तूट बरीचशी तिथंच भरून येते. उरलेल्या रकमेसाठी पास्टरेट कमिटीकडे (मंडळीचा कारभार बघणाऱ्या समितीकडे) जाताना हे पानच घेऊन जा.

विचारून झाल्यावर उत्तर द्यायचं राहून जातं. रविवारी उपासनेत जाहिरातींच्या (सूचनांच्या) वेळी पाच मिनिटं मागून घ्या आणि सरळ वाचा: तुम्ही हे सांगितलंत, यातलं हे करतोय, हे पुढच्या वर्षी, हे करणार नाही, कारण असं. "करणार नाही" ची यादी वाचताना आवाज थोडा कापतो, पण पुढच्या वेळी चिठ्ठ्या नीट लिहिल्या जातात त्या याच यादीमुळे.

आणि पाळकांची बदली होणार हे धरूनच चाला. नवे पाळकसाहेब आले की त्यांच्या पहिल्या आठवड्यात, त्यांनी स्वतःची शिबिराची कल्पना जाहीर करण्याआधी, ते एक पान आणि चिठ्ठ्यांची फाईल त्यांच्या घरी नेऊन द्या. चहा होईपर्यंत त्यांना चाळू द्या. बहुतेक जण कडीच्या पानापाशी थांबून विचारतात, "बसवली का?"