तिखट कमी हवंय? मग मसाल्याला हात लावू नका

ठेच्यात हिरवी मिरची, लसूण, मीठ, फार तर दाणे. मसाला नावालाही नाही, तरी कानातून धूर निघतो. उलट गोड्या मसाल्याच्या आमटीत धणे, दगडफूल, तीळ, खोबरं, लवंग-दालचिनी एवढं सगळं असून ती लहान मूलही भुरकतं. तिखट वेगळं, मसालेदार वेगळं.

तरीही तिखट न खाणारे पाहुणे आले की आपण मसालाच निम्मा करतो आणि रस्सा पाणचट होतो. मसाला तेवढाच ठेवा, मिरची बदला. लवंगीऐवजी बेडगी घ्या, रंग लालभडक येतो आणि झणका कमी. सुकी मिरची भाजण्याआधी आतल्या शिरा नि बिया काढा. जाळ मुख्यतः त्या शिरांतच असतो, बियांना उगाच बदनाम केलंय.

रस्सा आधीच जहाल झाला असेल तर पाणी ओतू नका. मिरचीला तिखटपणा देणारं कॅप्सेसिन तेलात उतरतं, पाण्यात जवळजवळ नाहीच. वर आलेली तर्री डावाने काढून वाटीत ठेवा, खाली नारळाचं दूध घाला. तर्री ज्याला झेपेल त्याने वरून घ्यावी. आमच्याकडे त्या वाटीवरूनच भांडणं होतात.